राजाला ‘चुकलात’ म्हणणारा माणूस कुठे उभा असतो? इस्लामी राजविचार आणि चिनी राज्यपरंपरा यांच्या तुलनेविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: “इस्लाममध्ये धर्म आणि राज्य एकच, चीनमध्ये धर्म बाजूला आणि राज्यच सर्वेसर्वा, असं आम्हाला शिकवलं गेलं. एम.ए.च्या प्रबंधासाठी या दोन परंपरांची तुलना करायची आहे. हे विधान बरोबर आहे का? आणि सुरुवात कुठून करू?”

मी सव्वीस वर्षं राजकीय विचार शिकवतेय आणि हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या उत्तरपत्रिकेत वाचते. त्यामुळे आधी विधानाबद्दल बोलते, सुरुवातीचं नंतर.

‘चीनमध्ये धर्म बाजूला’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे देऊळ, मशीद, पुरोहित असं काहीतरी असतं. ते राज्याच्या मध्यभागी दिसत नाही, म्हणून धर्म नाही असं आपण ठरवून टाकतो. पण बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या आवारात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, स्वर्गाला बळी अर्पण करायचा अधिकार एकट्या सम्राटाचा होता. पंचांग ठरवून ते जाहीर करणं हाही दरबाराचाच हक्क. सम्राट हा ‘स्वर्गपुत्र’. तोच राजा आणि तोच मुख्य यजमान.

आता बगदाद घ्या. खलिफा पैगंबरांचा उत्तराधिकारी, पण स्वतः पैगंबर नव्हे. त्याच्याकडे नवी ईश्वरी आज्ञा येत नाही. कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) यांतून नियम काढायचं काम फकीहांचं, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांचं. अबू हनीफा, मालिक, शाफिई, इब्न हंबल ही ज्यांच्या नावाने सुन्नी कायद्याची चार घराणी उभी राहिली ती माणसं, यांतला एकही खलिफा नव्हता. म्हणजे धर्मसत्ता आणि राजसत्ता एका मुठीत होती ती बीजिंगमध्ये. बगदादमध्ये ती दोन घरांत वाटलेली होती. तुमचं वाक्य उलटं करून लिहिलंत तर सत्याच्या जास्त जवळ जाल.

पण नुसतं उलटं करूनही भागत नाही, कारण ‘धर्म आणि राज्य’ हा प्रश्नच युरोपच्या इतिहासातून उचललेला आहे. चर्च आणि राजा यांच्या भांडणातून तो तयार झाला. या दोन्ही परंपरांना विचारावा असा प्रश्न माझ्या मते वेगळा आहे: राजा चुकला तर त्याला तोंडावर ‘चुकलात’ म्हणणारा माणूस कुठे उभा असतो? कशाच्या आधारावर बोलतो? आणि त्याच्या पोटापाण्याची सोय कोण करतं? वर्गात मी फळ्यावर तिसरा भाग आधी लिहिते. विद्वानाला पगार कोण देतं हे कळलं की बाकीचं बरंच उलगडत जातं.

एक गोष्ट आधीच सांगते. यातलं बरंचसं काळ आणि प्रदेश यांवर अवलंबून आहे. मी बोलतेय ते मुख्यतः सुन्नी परंपरेविषयी, अब्बासी काळापासून, म्हणजे बगदादच्या खलिफांपासून पुढे. शिया परंपरेत इमामाच्या अधिकाराची कल्पना मुळातच निराळी आहे. ती याच रकान्यात घातलीत तर प्रबंध कोसळेल. चीनबद्दल बोलतेय ते हान राजवंश ते छिंग राजवंश, म्हणजे दोन हजार वर्षांबद्दल, आणि तिथेही मिंग काळाचा नियम सोंग काळाला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता दोन माणसं पाहू. दोघेही तुरुंगात गेले.

पहिला, अहमद इब्न हंबल. ८३३ साली खलिफा मामूनने हुकूम काढला की काजी आणि विद्वानांनी ‘कुराण हे निर्माण केलेलं आहे’ हे मत मान्य करावं. ते अनादि आहे असं म्हणू नये. वरवर हा पंडिती वाद वाटतो. पण त्यामागचा प्रश्न सरळ होता: श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द खलिफाचा की विद्वानांचा? बगदादमधल्या बहुतेकांनी मान तुकवली. इब्न हंबलनी नकार दिला. त्यांना साखळदंड घालून मामूनकडे पाठवलं, पण ते पोचायच्या आधीच मामून वारला. पुढचा खलिफा मुअतसिम याने त्यांना बगदादमध्ये फटके मारवले. फटके बसत असताना ते एकच गोष्ट मागत राहिले, अशी हकीकत आहे: ईश्वराच्या ग्रंथातलं किंवा पैगंबरांच्या परंपरेतलं काहीतरी दाखवा, मग मी मानतो.

या मागणीकडे नीट बघा. ते खलिफाला ‘तू खलिफा नाहीस’ असं म्हणत नाहीत. त्याच्याविरुद्ध बंड करा असंही म्हणत नाहीत; पुढे बगदादमधले काही लोक उठाव करायला निघाले तेव्हा इब्न हंबलनी त्यांना परावृत्त केलं. ते एवढंच म्हणतात की या विषयात तुझा शब्द हा पुरावा नाही. त्यांचं घर चालायचं ते थोड्याशा मिळकतीच्या भाड्यावर. पुढे मुतवक्किल खलिफाने ही सक्ती उठवली आणि त्यांच्याकडे मानाने पैसे पाठवले. ते त्यांना नको होते. मुलांनी दरबारी तनखा घेतला म्हणून त्यांनी मुलांशी संबंध तोडला. फटके सोसले ती ताकद आणि तनखा नाकारला ती ताकद, मला एकच वाटते.

दुसरा, हाय रुई. मिंग दरबाराच्या महसूल खात्यातला सहाव्या दर्जाचा अधिकारी. परीक्षांच्या उतरंडीत तो प्रांतिक पायरीपर्यंत पोचला होता, सर्वांत वरची पायरी त्याने गाठली नव्हती. तेव्हाचा च्याचिंग सम्राट वीसेक वर्षं दरबाराकडे पाठ फिरवून अमरत्वाची औषधं आणि ताओ विधी यांत गुंतलेला. १५६६ साली हाय रुईने त्याला लेखी निवेदन दिलं. त्यात म्हटलं होतं की साम्राज्यातल्या लोकांना तुमचं वागणं कधीपासून पटेनासं झालंय. सम्राटाच्या कालखंडाच्या नावावरही त्याने श्लेष केला: च्याचिंग म्हणजे ‘घर न् घर साफ’, कुणाच्या घरात काही उरलेलंच नाही. निवेदन देण्याआधी त्याने स्वतःसाठी शवपेटी विकत घेतली, बायकामुलांचा निरोप घेतला. घरचे नोकर पळून गेले होते.

सम्राटाने कागद जमिनीवर आपटला आणि ओरडला, पकडा त्याला, पळू देऊ नका. शेजारचा खोजा म्हणाला, तो पळणार नाही, शवपेटी घेऊन आलाय. मिंग राजवटीच्या इतिहासात पुढचं नोंदलं आहे: सम्राटाने कागद उचलून परत परत वाचला आणि म्हणाला, हा माणूस बी गानसारखा आहे, पण मी काही झोउ नाही. झोउ हा शांग वंशाचा शेवटचा जुलमी राजा. बी गान हा त्याला सुनावणारा आणि त्यापायी जीव गमावणारा नातलग. हाय रुईला तुरुंगात टाकलं, छळ झाला, पण मारलं नाही. काही महिन्यांनी सम्राट वारला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने हाय रुईपुढे चांगलंचुंगलं जेवण मांडलं. हाय रुईला वाटलं, हे शेवटचं जेवण, आणि तो पोटभर जेवला. मग अधिकाऱ्याने कानात सांगितलं की सम्राट गेले, आता तुमची सुटका होईल. ते ऐकताच हाय रुई खाल्लेलं सगळं ओकला आणि रात्रभर रडत राहिला.

हे रडणं समजलं की चिनी परंपरा बरीचशी समजली, असं मी मुलांना सांगते. हाय रुई सम्राटाचा नोकर आहे आणि मुलासारखाही आहे. कन्फ्यूशियन विचारात राजा-अमात्य आणि बाप-लेक ही नाती शेजारी शेजारी बसतात. त्याच्याकडे मापदंड आहे: स्वर्गाचा आदेश (स्वर्गाने राजाला दिलेला राज्याचा हक्क), प्राचीन आदर्श राजे, अभिजात ग्रंथ. पण तो मापदंड हातात घेऊन उभं राहायला दरबाराबाहेर जागा नाही. त्याची विद्वत्ता परीक्षेने सिद्ध झाली, ती परीक्षा सम्राटाची. पगार सम्राटाचा. विरोध करायचा तोही निवेदनाच्या ठरलेल्या नमुन्यात, सम्राटाच्याच टपालाने. इब्न हंबल बाहेरून नकार देतात, हाय रुई आतून जीव पणाला लावतो. (हा आतला आवाज किती झोंबतो पाहा: चारशे वर्षांनी, १९६५ च्या नोव्हेंबरात, हाय रुईवरच्या एका नाटकावर शांघायमध्ये टीकालेख छापून आला आणि सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथे पडली.)

आता दुसरी जोडी. इथे राजांकडून बघू, म्हणजे ग्रंथाचं काय करायचं ते राजे कसं ठरवतात ते दिसेल. यातली एक गोष्ट थेट आपल्या मातीतली आहे.

अलाउद्दीन खिलजीने सुलतान होण्याआधी, १२९६ मध्ये, देवगिरीवर चाल करून यादवांची अपार संपत्ती लुटून नेली. पुढे सुलतान झाल्यावर त्याने काजी मुघीसला जे प्रश्न विचारले, त्यांतला एक असा: देवगिरीहून मी आणलेलं धन माझं की सार्वजनिक खजिन्याचं? काजीने सांगितलं, ते इस्लामच्या फौजेच्या बळावर मिळालं, म्हणून खजिन्याचं. सुलतान चिडला. काजी घरी गेला तो मरणाची तयारी करून. दुसऱ्या दिवशी सुलतानाने त्याला मानाची वस्त्रं आणि एक हजार टंके दिले आणि वर सांगितलं की शरियतमध्ये काय बसतं न् काय नाही ते मला माहीत नाही, राज्याच्या हिताचं जे वाटतं तो हुकूम मी देतो. हे सांगतोय झियाउद्दीन बरनी, तेही काही दशकांनंतर, त्यामुळे शब्दन् शब्द खरा धरू नका. पण दिल्लीच्या एका दरबारी विद्वानाला राजा आणि काजी यांचं नातं कसं दिसत होतं, हे त्यातून स्वच्छ कळतं.

याच्या शेजारी मिंग वंशाचा संस्थापक होंगवू ठेवा. मेन्शियस या प्राचीन कन्फ्यूशियन विचारवंताच्या ग्रंथात वाक्य आहे की प्रजा सर्वांत मोलाची, राज्याच्या देवता त्यानंतर, राजा सर्वांत हलका. आणखी एके ठिकाणी त्याला विचारतात, राजाला मारणं योग्य आहे का? तो म्हणतो, झोउ नावाच्या एका माणसाला ठार केल्याचं मी ऐकलंय, राजहत्या झाल्याचं नाही ऐकलं. हाच तो झोउ, ज्याच्याशी आपली तुलना च्याचिंगला नको होती. होंगवूला हे सगळं सहन झालं नाही. १३९४ साली त्याने मेन्शियसच्या ग्रंथातले ८५ उतारे काढून टाकलेली आवृत्ती तयार करवली आणि काढलेल्या भागावर परीक्षेत प्रश्न विचारायला बंदी घातली.

फरक दिसला का? सुलतान ग्रंथाला हात लावत नाही, तो ग्रंथ बाजूला ठेवून हवं ते करतो. सम्राट ग्रंथच कापतो, कारण तो ग्रंथ त्याच्याच परीक्षेचा अभ्यासक्रम आहे. इस्लामी राज्यात कायदा राजाच्या आवाक्याबाहेर राहिला, पण त्याची किंमत अशी की राजाही बऱ्याचदा त्या कायद्याच्या आवाक्याबाहेर राहिला. ‘सियासा’ (राज्यकारभाराचा अधिकार), ‘कानून’ (सुलतानी कायदे), बरनी ज्यांना ‘जवाबित’ म्हणतो ते राजनियम, हे सगळं शरियतच्या शेजारी वाढत गेलं. चीनमध्ये उलट. तिथे संहिता राजवंशाची, थांग संहिता ६५३ सालची आणि पुढच्या वंशांनी ती पायाला धरून आपापल्या संहिता केल्या. तिच्यावर ‘ही तुमची नाही, ईश्वराची आहे’ असा हक्क सांगणारा वेगळा वर्ग उभा राहिला नाही.

इथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात. मीही सुरुवातीची काही वर्षं ती वर्गात शिकवलीय. सारखी दिसणारी वाक्यं शेजारी मांडायची आणि ‘साम्य’ असं शीर्षक द्यायचं. आपला ‘रयत’ शब्द घ्या. तो अरबी ‘रईया’, म्हणजे चरायला नेलेला कळप. तुमच्यातला प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि आपल्या कळपाबद्दल जबाबदार आहे, अशी प्रसिद्ध हदीस आहे. शिवकालीन पत्रांत पानोपानी येणारा शब्द एवढ्या लांबून आलाय. तिकडे चिनी ‘मू’ म्हणजे गुरं राखणारा. ग्वानझी या प्राचीन ग्रंथाचं पहिलं प्रकरणच ‘प्रजा राखणं’, आणि हान काळात प्रांताच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं पदनाम चक्क ‘मू’. केवढं साम्य! पण पुढचा प्रश्न विचारा: हिशेब कोण घेतं? हदीसमधला मेंढपाळ ईश्वरापुढे जाब देणार, बहुधा मेल्यानंतर. हान मेंढपाळाचा जाब राजधानीत, नोंदवह्यांसकट आणि याच जन्मात. शब्द एक, पण पहिल्याने विवेकाला हात घातला आणि दुसऱ्याने प्रशासन उभं केलं.

बंडाबद्दलही असंच. कागदावर मेन्शियस बंडाला परवानगी देतो, तर बहुतेक सुन्नी फकीह ती देत नाहीत. जुलमी राजाची साठ वर्षं राजाविना एका रात्रीपेक्षा बरी, अशा अर्थाचं वचन इब्न तैमिया हा फकीह उद्धृत करतो. मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त केल्यानंतर पाच वर्षांनी जन्मलेल्या आणि लहानपणी मंगोलांच्याच भीतीने घर सोडावं लागलेल्या माणसाला अराजकाची एवढी धास्ती वाटली, यात मला नवल वाटत नाही. पण मेन्शियसची परवानगी वापरायला मिळते ती जिंकल्यावर. जिंकला तो राजा, हरला तो दरोडेखोर, अशी चिनी म्हणच आहे. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला होंगवू जिंकला म्हणून स्वर्गाचा आदेश त्याच्याकडे आला. याउलट अकराव्या शतकातला फकीह मावर्दी खलिफासाठी सात अटी घालतो आणि त्यांतली एक कुरैश कुळाची, म्हणजे पैगंबरांच्या कुळाची आहे. चीनमध्ये कुळाची अशी अट कधीच नव्हती.

आता माझ्या मांडणीला तडा देणारी उदाहरणं, कारण तुमचे परीक्षक तीच काढतील. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात उलेमांची, म्हणजे धर्मविद्वानांची पगारी, श्रेणीबद्ध नोकरशाही होती आणि तिच्या शिखरावर शेखुल इस्लाम हा मुख्य मुफ्ती, सुलतानाने नेमलेला. हे चित्र बगदादपेक्षा बीजिंगच्या जवळचं. मुराद चौथ्याने १६३४ मध्ये एका शेखुल इस्लामला ठार मारवलं. पण त्याच पदाच्या फतव्यावर १६४८ मध्ये सुलतान इब्राहिमला पायउतार केलं गेलं. म्हणजे माणूस पगारी झाला तरी त्याच्या हातातल्या कागदाचा अधिकार दरबाराच्या बाहेरूनच येत राहिला. वक्फचंही, म्हणजे धर्मकार्याला कायमच्या दिलेल्या मिळकतीचंही तसंच. मदरशांना स्वतंत्र मिळकत होती हे खरं, पण बगदादची प्रसिद्ध निजामिया स्थापली ती सेल्जुक वजिराने. तिथल्या आपल्या अध्यापकाच्या गादीवरून विद्वान गझाली १०९५ मध्ये उठून गेला आणि पुढे हेब्रॉनला इब्राहिमच्या कबरीशी त्याने शपथ घेतली की सुलतानाच्या दारी जाणार नाही आणि त्याचा पैसा घेणार नाही. अशी शपथ घ्यावी लागली, यातच सगळं आलं.

चीनच्या बाजूचा तडा आहे विद्वान हुआंग झोंगशी. मिंग वंश बुडाल्यावर, १६६० च्या दशकात, त्याने लिहिलं की स्वर्गपुत्राला जे बरोबर वाटतं ते बरोबर असेलच असं नाही, बरोबर-चूक ठरवायची जागा शाळा असली पाहिजे. राजधानीच्या विद्यापीठात कुलगुरूने दक्षिणेकडे तोंड करून बोलावं, म्हणजे राजाच्या मानाच्या दिशेने, आणि सम्राटाने विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून ऐकावं. आधी चांगले कायदे, मग चांगली माणसं, असंही तो म्हणतो, आणि राजवंशांचे कायदे हे एका घराण्याचे कायदे, ते कायदेच नव्हेत. हाय रुईला जी बाहेरची जागा मिळाली नव्हती तिचाच हा नकाशा आहे. तो कागदावर राहिला. परीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या, तोवर विद्वान आणि दरबार यांची गाठ तशीच राहिली.

तर सुरुवात कुठून? माझा सल्ला असा की ‘इस्लाम’ आणि ‘चीन’ असे दोन डोंगर समोरासमोर ठेवू नका. जिथे हे दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात होते तिथून सुरू करा. बुखाराचा सय्यद अजल शम्सुद्दीन कुबलाई खानाच्या हाताखाली १२७४ ते १२७९ नैर्ऋत्य चीनमधल्या युन्नान प्रांताचा राज्यपाल होता. त्याने कुनमिंगमध्ये मशिदीही बांधल्या आणि कन्फ्यूशियसचं मंदिरही. सतराव्या शतकात नानजिंगचा वांग दाय-यू आणि त्यानंतर ल्यू झी यांनी इस्लाम चिनी भाषेत, कन्फ्यूशियन शब्दांत मांडला. ल्यू झीने तर राजा-अमात्य, बाप-लेक ही पाच नाती घेऊनच मुस्लिम आचार समजावला. वांग दाय-यूपुढे नेमका तुमचाच प्रश्न होता: सम्राटाशी निष्ठा आणि एका ईश्वराशी निष्ठा यांतली पहिली कोणती? त्याने उत्तर दिलं की खऱ्या स्वामीशी निष्ठा नसेल तर राजाशी आणि आईबापांशी असलेली निष्ठाही अपुरीच. हे त्याने सम्राटाच्या राज्यात राहून, सम्राटाच्या भाषेत आणि सम्राटाच्या परीक्षेच्या शब्दसंग्रहात लिहिलं. त्याची ती पानं इंग्रजी भाषांतरात मिळतात. तीच आधी वाचा, आणि वाचताना इब्न हंबल आणि हाय रुई हे दोघं शेजारी बसलेत असं समजा.